कोंडिवट्याचं बंद चर्च

मंडळी, नारोशंकराची घंटा आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तिच्यावर साल आहे १७२१, घडण पोर्तुगीज, आणि वसईच्या विजयाची खूण म्हणून ती गोदाकाठी आली असं सांगतात. घंटा उचलून आणता येते. चर्च आणता येतं का?

आजचं उदाहरण मुंबईतलं. मुळात मात्र ते खेड्यातलं. अंधेरीच्या पूर्वेला कोंडिवटे गाव. महाकाली लेणी म्हणतो ती बौद्ध लेणीही तिथलीच. या गावात जेझुइटांनी १५७९ साली संत योहान बाप्तिस्ता यांच्या नावाचं चर्च बांधलं. पुढे साष्टी १७३७ मध्ये मराठ्यांकडे गेली, १७७४ मध्ये इंग्रजांकडे. राज्यं बदलली, चर्च चालू राहिलं. ते बंद पडलं १८४० मध्ये, आणि तेही कुणा सरदारामुळे नव्हे, साथीच्या रोगामुळे. (प्रत्येक पडकं चर्च चिमाजी अप्पांच्या खात्यावर मांडणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.) लोक मरोळला सरकले. वेदी, मूर्ती, बाप्तिस्म्याचं कुंड सोबत नेलं आणि तिथल्या चर्चमध्ये बसवलं.

इमारतीचं काय होतं? कोकणातलं घर आठवा. चुन्यात बांधलेल्या दगडी भिंती टिकतात. लाकूड आणि कौलं मात्र दरसाल पावसाआधी शाकारणी मागतात. ती चुकत गेली की पाणी वाशात मुरतं, वासा कुजतो, छप्पर बसतं. म्हणून अशा चर्चांचा दर्शनी भाग उभा असतो आणि आत आकाश दिसतं. वसईच्या किल्ल्यात बघा, तेच. कोंडिवट्यालाही तेच.

१९७३ मध्ये भोवती सीप्झ आलं, निर्यातीच्या कारखान्यांचा बंदिस्त परिसर. आता ईस्ट इंडियन मंडळी, आपल्यासारखीच मराठी बोलणारी, मे महिन्यातल्या एका रविवारी परवानगीने आत जातात, मिस्सा करतात. एरवी फाटक बंद.

मी तत्त्वज्ञानाचा मास्तर, त्यामुळे प्रश्न सुटत नाही. कुंड मरोळला, भिंती सीप्झमध्ये. मग कोंडिवट्याचं चर्च नेमकं कुठे? मराठी ख्रिस्ती माणसाकडे ‘ख्रिस्तसभा’ हा सुंदर शब्द आहे. चर्च म्हणजे माणसं, असं धरलं तर ते १८४० मध्येच मरोळला गेलं, आणि मागे उरला तो दगड. उत्तर नेटकं आहे. पण मग मेच्या उन्हात, मरोळची सावली सोडून, लोक त्या बिनछपराच्या जागी कशाला येतात? तो एक रविवार त्यांना हक्क म्हणून मिळायला हवा, मेहेरबानी म्हणून नव्हे, असं माझं मत आहे.