न्यूटनने केलेली ग्रहांची वजने

‘ग्रह जितका मोठा, तितके त्याच्या पृष्ठभागावरचे गुरुत्वाकर्षण जास्त’ हे उत्तर वर्गात हमखास येते. शनीचे वस्तुमान पृथ्वीच्या ९५ पट आहे. मग शनीवर आपले वजन किती भरेल? (तिथे उभे राहायला जमीन नाही, ढगांच्या वरच्या थरापाशी मोजले असे समजू.) पृथ्वीवरच्यापेक्षा किंचितच जास्त!

या कोड्याचे उत्तर न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’च्या १७२६ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत आहे. ग्रहाभोवती काही फिरत असेल, तर त्याचे अंतर आणि प्रदक्षिणाकाळ यांवरून ग्रहाचे वस्तुमान काढता येते. न्यूटनने सूर्यासाठी शुक्र घेतला, पृथ्वीसाठी चंद्र, गुरूसाठी त्याचा तेव्हा ठाऊक असलेला सर्वांत दूरचा उपग्रह आणि शनीसाठी ह्यूजेन्सने १६५५ साली शोधलेला टायटन. त्याचे आकडे असे: सूर्य, गुरू, शनी, पृथ्वी यांची घनता अनुक्रमे १००, ९४.५, ६७, ४००. त्रिज्या १००००, ९९७, ७९१, १०९. आणि पृष्ठभागावरचे वजन १००००, ९४३, ५२९, ४३५.

विद्यार्थ्यांना घनता व त्रिज्या यांचा गुणाकार करून १०० ने भागायला सांगा. वजनाचे आकडे जवळजवळ तेच येतात. कारण घनता तीच असेल, तर वस्तुमान त्रिज्येच्या घनाने वाढते, पण केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाने ओढ कमी होते. शिल्लक राहते एकच त्रिज्या. शनी अवाढव्य खरा, पण विरळ.

गंमत म्हणजे न्यूटनने धरलेले सूर्याचे अंतर बरेच कमी होते. त्यामुळे त्याची पृथ्वी सूर्याच्या मानाने फार मोठी झाली आणि गुरूवरचे वजन पृथ्वीच्या २.१७ पट आले. आज ते सुमारे २.५ पट मानतात. घनतेला मात्र या चुकीचा धक्का लागला नाही, कारण तिच्यासाठी केवळ आकाशात मोजलेले कोन आणि काळ पुरतात. पृथ्वी सूर्याच्या चौपट दाट, हा त्याचा आकडा आजही जवळपास टिकून आहे. ही सारी गुणोत्तरेच होती. पृथ्वीची घनता पाण्याच्या ५.४८ पट, हे कॅव्हेंडिशने १७९८ साली प्रयोगाने काढले.

उपग्रह माहीत नसलेले बुध, शुक्र आणि मंगळ न्यूटनच्या तक्त्याबाहेरच राहिले. मंगळाचे उपग्रह हॉलने १८७७ साली शोधले. बुधाला उपग्रहच नाही; त्याचे वस्तुमान नीट ठरले ते १९७४-७५ मध्ये मरिनर १० यान त्याच्याजवळून गेले तेव्हा. मंगळाची त्रिज्या ३३९० किलोमीटर, घनता पाण्याच्या ३.९३ पट. बुधाची त्रिज्या २४४० किलोमीटर, घनता ५.४३ पट. गुणाकार करून पाहा: दोन्हीकडे गुरुत्वत्वरण ३.७ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकेच आहे.