मांडीवरचं पुस्तक

मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. इतिहासाच्या शिक्षिका रजेवर असल्या की त्यांचा तास कधीकधी माझ्याकडे येतो. अशाच एका तासाला सातवीतल्या एका मुलानं विचारलं, "टीचर, जुन्या काळात आपले लोक नुसत्या लढायाच करत होते का?" वर्ग हसला. मी "नंतर सांगते" म्हणून त्याला खाली बसवलं. खरं सांगायचं तर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. बी.एड.ला पाठ टाचण काढायला शिकवलं होतं, अशा प्रश्नाचं काय करायचं ते कुणी शिकवलं नव्हतं.

हाच प्रश्न घेऊन एका माणसानं सगळं आयुष्य काढलं. त्याच्याविषयी आज लिहायचं आहे.

१८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतली गुलामी मोडून काढणाऱ्या लोकांना अर्पण केलं. त्यानंतर दोन वर्षांनी, १८७५ मध्ये, अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात कार्टर वूडसन जन्मले. आईवडील दोघंही गुलामीत वाढलेले. घरी गरिबी, शेतात काम, उरलेल्या वेळात शाळा. पुढे ते वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळशाच्या खाणीत उतरले. तिथं ऑलिव्हर जोन्स नावाचे एक कृष्णवर्णीय खाणकामगार होते, गुलामी संपवणाऱ्या यादवी युद्धात लढलेले. त्यांच्या घरी संध्याकाळी कामगार जमत, खात-पीत, गप्पा मारत. जोन्स यांना वाचता येत नव्हतं, पण घरात पुस्तकं आणि वर्तमानपत्रं होती. पोरसवदा वूडसन ती मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि त्या बदल्यात खायला मिळायचं. आपल्या लोकांचा इतिहास त्यांनी पहिल्यांदा ऐकला तो या निरक्षर माणसांकडून.

हायस्कूलची पायरी चढले तेव्हा वय वीस. दोन वर्षांत शिक्षण पुरं करून ते शिक्षक झाले आणि १९०० साली त्याच हायस्कूलचे मुख्याध्यापक. १९०३ मध्ये ते शिकवायला फिलिपाईन्सला गेले. तो देश तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होता. तिथल्या मुलांना अमेरिकन पुस्तकातलं सफरचंदाचं झाड शिकवलं जाई, जे त्यांनी कधी पाहिलेलंच नव्हतं. एका शिक्षकानं सफरचंद काढून गाण्यात 'लोंबॉय'चं झाड घातलं आणि मुलं रमली. जॉर्ज वॉशिंग्टनच्या आधी त्यानं त्यांच्याच होसे रिझालची गोष्ट सांगितली. वूडसन यांनी हा किस्सा पुढे आपल्या पुस्तकात लिहिला. लोंबॉय म्हणजे आपलं जांभूळ. हे कळल्यापासून मी प्रत्येक धड्यात शोधते, सफरचंद कुठं आहे आणि जांभूळ कुठं.

१९१२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठानं त्यांना डॉक्टरेट दिली. तिथून इतिहासात ती मिळवणारे ते दुसरे कृष्णवर्णीय, पहिले डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस. कृष्णवर्णीयांना सांगण्यासारखा इतिहासच नाही, असं मानणारे प्राध्यापक त्यांना तिथंच भेटले. उत्तर म्हणून त्यांनी १९१५ मध्ये संशोधनासाठी संस्था काढली आणि १९१६ मध्ये नियतकालिक.

एवढ्यावर थांबले असते तरी विद्वान म्हणून नाव राहिलं असतं. पण ते मूळचे शाळामास्तर. कृष्णवर्णीयांना झुंडीनं ठार मारण्याचा तो काळ, आणि त्या हिंसेचं मूळ त्यांना शाळेच्या वर्गात दिसलं. ज्या समाजाला पुस्तकात किंमत नाही, त्याच्यावर हात उचलताना कुणी अडखळत नाही. म्हणून ते मुलांसाठी लिहू लागले. १९२१ मध्ये स्वतःची प्रकाशन संस्था उभी केली. १९२२ मध्ये 'द निग्रो इन अवर हिस्टरी' आलं (तो शब्द त्या काळचा). १९२८ मध्ये लहान मुलांसाठी इतिहास आणि आफ्रिकेच्या लोककथा, १९३५ मध्ये हायस्कूलसाठी पुस्तक, १९३७ पासून शिक्षकांसाठी मासिक. १९२६ मध्ये फेब्रुवारीतला इतिहास सप्ताह त्यांनीच सुरू केला. १९७६ पासून तो महिनाभर पाळतात. त्यांनी लग्न केलं नाही. वॉशिंग्टनला ज्या घरात कचेरी, त्याच्याच वरच्या मजल्यावर राहिले आणि १९५० मध्ये तिथंच वारले.

त्यांचं पुस्तक सगळीकडे उघडपणे शिकवता येत नव्हतं. लुईझियाना राज्यात टेसी मॅगी नावाच्या शिक्षिका होत्या. १९३३च्या सुमाराची गोष्ट. टेबलावर सरकारनं ठरवून दिलेला पाठ आणि मांडीवर वूडसन यांचं पुस्तक. वाचायच्या मांडीवरचं. मुख्याध्यापक दारात आले की नजर टेबलावर. ही आठवण त्यांच्या एका विद्यार्थ्यानं सांगून ठेवली. वाचली तेव्हा मला त्या बाईंचा हात धरावासा वाटला.

पण वूडसन यांच्याकडून घ्यायची दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. १९२४ मध्ये त्यांनी एक यादी छापली : १८३० साली स्वतः गुलाम बाळगणाऱ्या मुक्त कृष्णवर्णीयांची. त्यातल्या अनेकांनी आपलीच बायकामुलं विकत घेऊन वाचवली होती, काहींनी मात्र नफ्यासाठी गुलाम ठेवले. आपल्या माणसांना खुपेल अशी ही माहिती दडवायची त्यांना गरज वाटली नाही, कारण पुराव्यावर त्यांचा भरवसा होता. आपल्या मोबाईलवर येणारे मेसेज आठवून बघा. जगातला प्रत्येक शोध आपणच लावला म्हणून सांगणारे. अशा फुशारकीनं मुलाची इज्जत वाढत नाही. पहिल्याच खोट्या गोष्टीला तो पकडला जातो, मग त्याची खरी गोष्टही कुणी ऐकत नाही.

पुढच्या तासाला मी त्या मुलाला मलिक अंबर सांगितला. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, दख्खनमध्ये येऊन निजामशाहीचा वजीर झालेला. त्यानं जमीन महसुलाची व्यवस्था लावली, खडकी म्हणजे पुढचं औरंगाबाद वसवलं, शहरात नहरीनं पाणी आणलं. लढायाही पुष्कळ केल्या, तेही सांगितलं. पोरानं विचारलं, "टीचर, नहर अजून आहे?" म्हटलं, तिचे अवशेष आहेत. सहलीला नेण्याचं कबूल करून बसले आहे.

एका तासानं भागत नाही. वूडसन यांना वेगळा सप्ताह कायम नकोच होता. हा इतिहास वर्षभर, सगळ्यांच्या पुस्तकात यावा आणि सप्ताहाची गरजच उरू नये, ही त्यांची इच्छा होती. मांडीवरचं पुस्तक टेबलावर यायला हवं. तोवर आपल्या गावातल्या विहिरीचा, मदरशाचा, विणकरांच्या मोहल्ल्याचा इतिहास ज्याला ठाऊक असेल त्यानं तो बारा वर्षांच्या मुलाला कळेल अशा मराठीत किंवा उर्दूत लिहून काढावा. दहा पानं झाली तरी चालतील. फक्त खरं लिहा. मी वर्गात वाचून दाखवीन.