जोंगा आणि मारुती ८००

निवृत्त फौजी एकत्र बसले की जोंगाचा विषय निघतोच. एकजण म्हणतो, तशी गाडी पुन्हा झाली नाही. दुसरा लगेच तिच्या पेट्रोलचा हिशोब काढतो. दोघांचेही खरे आहे.

जोंगा म्हणजे मुळात जपानची निसान पॅट्रोल. १९६९ पासून ती जबलपूरच्या वाहन कारखान्यात बनू लागली आणि नावही तिथल्याच आयुध कारखान्यांवरून पडले. सहा सिलिंडर, ३,९५६ सीसीचे पेट्रोल इंजिन, वजन दीड टनाहून जास्त. पाठीवर १०६ मिमीची रिकॉइललेस तोफ घेऊन ती वाळूत आणि डोंगरात फिरली.

मारुती ८०० रस्त्यावर आली डिसेंबर १९८३ मध्ये. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. जोंगाचा एक सिलिंडरच जवळजवळ ६६० सीसीचा, म्हणजे मारुतीच्या अख्ख्या इंजिनाला थोडाच कमी!

हा फरक मला लडाखच्या पोस्टिंगमध्ये नीट कळला. खारदुंग ला खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. कार्ब्युरेटरच्या गाडीला पुरेशी हवा मिळत नाही, धूर काळा होतो, ओढ कमी पडते. मारुतीचे इंजिन तिथे चारशे सीसीसारखे वागते. जोंगाची ताकदही निम्म्यावर येते, पण निम्मी झाली तरी पुष्कळ उरते. त्यात फोर व्हील ड्राइव्ह आणि लो गिअर. मारुतीची ओढ पुढच्या चाकांवर. चढावर वजन मागे सरकते आणि पुढची चाके बर्फात नुसती फिरतात. म्हणून जुने ड्रायव्हर थोडा चढ असेल तर तिला रिव्हर्समध्ये चढवत.

मग जोंगा गेली का? उत्तर पेट्रोलच्या बॅरलमध्ये आहे. त्या काळी श्रीनगर आणि मनाली, दोन्हीकडचे रस्ते हिवाळ्यात कित्येक महिने बंद असत. वर जळणारा प्रत्येक लिटर उन्हाळ्यातच कॉन्व्हॉयने चढवून साठवावा लागे, आणि तो आणणारे ट्रकही वाटेत इंधन पीत. खाली शहरात तहानलेली गाडी मालकाचा खिसा रिकामा करते. वर ती साऱ्या पलटणीच्या साठ्यातले पिते.

१९८५ च्या अखेरीस जिप्सी आली. इंजिन अवघे ९७० सीसी, वजन टनाच्या आसपास, पण फोर व्हील ड्राइव्ह पूर्ण. मारुतीची काटकसर आणि जोंगाची चारही चाके तिच्यात एकत्र आली. बर्फात रुतली तर पाच-सहा जवान तिला हाताने बाहेर काढत. जोंगा रुतली की दुसरी गाडी आणि दोर शोधावा लागे. फौजेने जिप्सी हजारोंनी घेतली. जोंगाचे उत्पादन १९९९ मध्ये थांबले.

आज गावाकडे कुणी विचारतो, दादा, जुनी छोटी गाडी ठेवू की मोठी फोर बाय फोर घेऊ? मी तीनच गोष्टी विचारतो. ओझे किती, रस्ता कुठला, आणि इंधन तुझ्यापर्यंत कोण आणून देणार? फौजेनेही गाडी बदलताना हाच हिशोब केला होता.

जय हिंद.