काश्मीरच्या प्रवाहांतील ट्राउट

पिसे व दोरा यांपासून बनविलेल्या कृत्रिम माशीने ट्राउट पकडण्याच्या पद्धतीस फ्लाय फिशिंग म्हणतात. शिसे बांधून गरवणाऱ्या कोकणी माणसास नवल वाटेल; येथे गळाला वजन जवळजवळ नसतेच, जाड दोरीचा भारच माशीला दूर नेतो. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून, खडकाच्या आडोशाला, वाहत येणाऱ्या कीटकांची वाट पाहतो. म्हणून गळकरी बहुधा प्रवाहाच्या खालच्या अंगास उभा राहून माशी वरच्या दिशेस फेकतो. दोरी ताणून माशी पाण्याहून वेगळ्या गतीने सरकली, की मासा तिला सहसा शिवत नाही. खरे कौशल्य एवढेच, आणि ते वर्षानुवर्षे साधत नाही.

तपकिरी ट्राउट मूळचा युरोपातील. १९०० च्या सुमारास त्याची अंडी स्कॉटलंडहून काश्मिरात आली. श्रीनगरजवळ हारवान येथे उबवणी केंद्र झाले. आज लिद्दर व सोनमर्गची सिंध (सिंधू नव्हे) येथे परवाना घेऊनच गळ टाकता येतो. पकडलेला मासा सोडून देण्याच्या रिवाजाचे कौतुक होते, ते योग्यच. परंतु हाच मासा जगातील सर्वाधिक उपद्रवी १०० परक्या जातींच्या यादीत आहे, आणि हिमालयातील मूळच्या शायझोथोरॅक्स माशांशी तो अन्न व जागा यांसाठी झगडतो, हे क्वचितच सांगितले जाते.