राष्ट्रपतिपदाची सत्ता आणि बारामतीचे नेतृत्व : 1978 ते 1980

फ्रान्सच्या 1958 च्या राज्यघटनेनुसार राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या निर्णयाने राष्ट्रीय सभा विसर्जित करू शकतो. 1981 मध्ये निवडून येताच मित्तराँ यांनी तसे केले आणि अनुकूल बहुमत मिळविले. भारतात स्वाक्षरी राष्ट्रपतींची, निर्णय मंत्रिमंडळाचा. आणि हा भेद केवळ ग्रांथिक नव्हे. 1967 पासून बारामतीचे प्रतिनिधित्व करणारे शरद पवार 18 जुलै 1978 रोजी, वयाच्या 38 व्या वर्षी, पुलोद सरकारचे मुख्यमंत्री झाले. वसंतदादा पाटील यांचे सरकार पाडून ते आले, हा वाद वेगळा. जानेवारी 1980 मध्ये इंदिरा गांधी केंद्रात परतल्या आणि 17 फेब्रुवारीला राष्ट्रपती राजवट लागू होऊन पुलोद सरकार गेले. विधानसभेतील अविश्वास ठरावाने नव्हे. घोषणा नीलम संजीव रेड्डी यांच्या नावे निघाली, सत्ता मात्र पंतप्रधानांनी वापरली. जनता सरकारने 1977 मध्ये नऊ काँग्रेसशासित राज्यांत हाच मार्ग अवलंबिला होता, हेही नोंदविणे न्याय्य ठरेल. पॅरिसमध्ये जे राष्ट्राध्यक्ष उघडपणे करतो, ते येथे राष्ट्रपतींच्या नावाआडून घडले. 1980 च्या निवडणुकीत बारामतीने पवारांनाच पुन्हा निवडले. मुख्यमंत्री मात्र अंतुले झाले. अशा बरखास्तीवर न्यायालयीन अंकुश बोम्मई निकालाने, म्हणजे 1994 मध्ये, आला.