मायावतीचे ग्रहण : हौशी निरीक्षकांनी मोजलेला काळ

१/ हिवाळ्यातील रात्री परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या आकाशात ययाती तारकासमूह उत्तरेला उंच चढतो. त्यातील मायावती, अर्थात अल्गोल, हा तारा दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंदावतो. सुमारे १० तासांत त्याचे तेज जवळपास एक-तृतीयांशावर येऊन पुन्हा पूर्ववत होते.

२/ हा क्रम १७८३ मध्ये इंग्लंडमधील यॉर्क येथे जॉन गुडरिक या १८ वर्षांच्या कर्णबधिर तरुणाने मांडला. एखादा काळोखा गोल ताऱ्याभोवती फिरून त्याला ग्रहण लावीत असावा, किंवा ताऱ्यावर डाग असावेत, असे दोन तर्क त्याने केले. त्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्याला कोपली पदक दिले. १७८६ मध्ये, वयाच्या २१ व्या वर्षी, तो निवर्तला.

३/ पहिला तर्क खरा ठरण्यास शंभरहून अधिक वर्षे लागली. १८८९ मध्ये जर्मनीतील हेर्मान फोगेल यांनी वर्णपटावरून सिद्ध केले की मायावती ही परस्परांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांची जोडी आहे. अशा जोडीस ग्रहणकारी युग्मतारा म्हणतात.

४/ हे मोजमाप नुसत्या डोळ्यांनीही साधते. शेजारच्या, तेज ठाऊक असलेल्या ताऱ्यांशी तुलना करून दर काही मिनिटांनी नोंद करायची आणि तेज सर्वांत कमी झाल्याचा क्षण ठरवायचा. अशा दोन क्षणांतील अंतराला मधल्या आवर्तनांच्या संख्येने भागले की आवर्तकाल मिळतो. वर्षे जितकी अधिक, तितके उत्तर अचूक.

५/ १९४८ पर्यंत ताडकळस ज्या हैदराबाद संस्थानात होते, तेथेही ही परंपरा रुजली. नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये हौसेने उभारलेली निजामिया वेधशाळा त्यांच्या निधनानंतर, १९०८ मध्ये, सरकारकडे आली. पुढे टी. पी. भास्करन यांच्या कारकिर्दीत तेथील १५ इंची दुर्बिणीतून रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांचे वेध घेतले गेले. याच वेधशाळेतील एका कर्मचाऱ्याचे पुत्र वेणू बाप्पू यांनी विद्यार्थिदशेतच अशा ताऱ्यांचा अभ्यास केला. कावलूरची वेधशाळा पुढे त्यांनीच उभारली.

६/ अविभक्त बंगालमधील जेसोरच्या सरकारी खजिन्यात नोकरी करणाऱ्या राधागोविंद चंद्र यांनी रूपविकारी ताऱ्यांच्या ३७ हजारांहून अधिक नोंदी अमेरिकेतील निरीक्षक संघटनेकडे पाठविल्या. १९२६ मध्ये त्या संघटनेने त्यांना दुर्बीण पाठविली. १९४४ मध्ये पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली आणि महाराष्ट्रातील हौशी निरीक्षकांना संघटित व्यासपीठ लाभले.

७/ या नोंदींचे मोल त्यांच्या तारखेत आहे. अनेक जोड्यांत एका ताऱ्यातील द्रव्य दुसऱ्याकडे वाहते आणि आवर्तकाल किंचित बदलतो. तो बदल जुन्या व नव्या वेळा ताडून पाहिल्यावरच कळतो. हुकलेले ग्रहण पुन्हा मोजता येत नाही. म्हणून ज्याने त्या रात्री जागून वेळ लिहून ठेवली, त्याची नोंद पुढल्या पिढ्यांचा एकमेव पुरावा ठरते.

#इतिहास #खगोलशास्त्र #मराठवाडा