रान झालेल्या कलमबागा

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांच्या कातळउतारांवर हापूसच्या ज्या जुन्या बागा आज उभ्या आहेत, त्यांतील पुष्कळशा मधल्या काळात रान होऊन गेल्या होत्या, आणि त्यांच्या या अवस्थेचे कारण झाडांच्या वयापेक्षा गावांच्या इतिहासात शोधावे लागते. कोकणातील कलमविद्येची परंपरा सोळाव्या शतकात गोव्यात पोर्तुगीजांनी रुजवलेल्या कलमांपर्यंत मागे नेली जाते. त्यापूर्वीचा आंबा रायवळ, म्हणजे कोयीपासून उगवलेला आणि म्हणून झाडागणिक निराळ्या चवीचा होता. भेटकलमाच्या पद्धतीत कुंडीतले रोप मातृवृक्षाच्या फांदीशी बांधून दोन्हींचा जोड पक्का होईपर्यंत थांबावे लागे, त्यामुळे कलम महाग पडे. जांभ्यात सुरुंगाने खड्डे पाडून त्यांत बाहेरची माती भरण्याचा खर्च आणखी निराळा. इतक्या सायासाने उभी केलेली बाग पुढच्या पिढीने सोडून द्यावी, याचे नवल वाटते खरे, पण त्याचा उलगडा मुंबईत होतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या कापड गिरण्या वाढल्या, तसा रत्नागिरी जिल्ह्यातील तरुण माणूस तिकडे गेला आणि घर मनीऑर्डरवर चालू लागले. गावी राहिलेल्या वृद्धांना व स्त्रियांना भातशेती कशीबशी सांभाळता येई, पण दरवर्षी बेणणी, म्हणजे झाडाखालचा झाडोरा तोडून बाग मोकळी करण्याचे काम, त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. त्यातच वारसांची नावे पिढीगणिक सातबाऱ्यावर चढत गेली, वाटप मात्र झाले नाही. सामाईक बागेत आंबा उतरवायला सगळे भाऊबंद हजर असत. फांदी तोडायची म्हटली की सर्वांची संमती लागे आणि खर्च कोणी करायचा, यावर बोलणे थांबे. जमिनीच्या वादांत हा मुद्दा किरकोळ समजला जातो, पण बागांच्या ऱ्हासात त्याचा वाटा कुळकायद्याइतकाच मोठा असावा.

दुर्लक्षित बाग लगेच मरत नाही, आणि फसगत होते ती याच कारणाने. दहा मीटर अंतरावर लावलेल्या कलमांचे घेर तीस-चाळीस वर्षांत एकमेकांना भिडतात, आत ऊन पोहोचत नाही, मोहोर फक्त शेंड्यावर येतो, आणि एवढ्या उंचीवरचे फळ झेल्याने, म्हणजे लांब काठीला जाळी बांधलेल्या साधनानेही, नीट उतरवता येत नाही. खाली रानमोडी व करवंदीची जाळी माजली की फाल्गुन-चैत्रात वणव्याला वाट मिळते. सर्वांत घातक ठरते ते बांडगूळ. फुलटोच्या नावाचा चिमुकला पक्षी त्याचे चिकट बी फांदीवर टाकतो, अंकुर सालीतून आत शिरून झाडाचा रस ओढतो, आणि त्याच्या चिकटण्याच्या जागी फांदीला गाठ येते. नुसते बांडगूळ ओरबाडून काढले तर गाठीतून पुन्हा फूट येते, म्हणून गाठीच्या खाली, निरोगी लाकडापर्यंत मागे येऊन फांदी कापावी लागते.

१९५७ मध्ये वेंगुर्ल्यास स्थापन झालेले फळसंशोधन केंद्र आणि १९७२ पासूनचे दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ यांच्या कामामुळे अशा झाडांच्या छाटणीला शास्त्रीय शिस्त आली. पाऊस सरल्यावर मधली उभी फांदी काढून उजेडाला वाट करायची, उंची कमी करायची, पाणी साचू नये म्हणून काप तिरका घ्यायचा आणि त्यावर बोर्डो मलम लावायचे. एक किलो मोरचूद, एक किलो चुना व दहा लिटर पाणी यांचे हे मलम कापातून बुरशीला आत शिरू देत नाही. खोड पोखरणाऱ्या भिरुडावर, म्हणजे भुंगेऱ्याच्या अळीवर, नजर ठेवायची आणि नव्या धुमाऱ्यांतील मोजके राखून बाकीचे काढायचे. यात विकत घ्यावे लागते ते फारच थोडे. जाड लाकूड सरपणाला जाते, बारीक टहाळ भाताच्या रोपवाटिकेवरील भाजावळीला उपयोगी पडते, आणि पडलेला गडगा, म्हणजे चुन्याशिवाय रचलेला दगडी बांध, त्याच दगडांनी पुन्हा उभा करता येतो.

तरीही हे काम फार पसरले नाही, कारण छाटलेले झाड पुन्हा पुरते धरायला साधारण तीन हंगाम घेते. १९९० मध्ये सुरू झालेल्या रोजगार हमीशी निगडित फळबाग योजनेचा भर नव्या लागवडीवर होता, आणि कोय कलमामुळे रोपेही स्वस्त झाली होती, त्यामुळे जुन्या झाडाची डागडुजी करण्यापेक्षा पलीकडचा डोंगर फोडणे सोयीचे ठरले. मुंबईकर मालकाची बाग करारावर घेणाऱ्या व्यापाऱ्याला तर तीन वर्षे थांबण्यात काहीच स्वारस्य नव्हते. मुदत संपेपर्यंत जेवढे फळ मिळेल तेवढे घेणे त्याच्या हिताचे होते, आणि मोहोर आणणाऱ्या पॅक्लोब्युट्राझोलचा अतिरेक झाला तो मुख्यतः अशाच बागांत. ज्यांनी छाटणी केली, त्यांनी बहुधा ओळीआड ओळ, दोन-तीन टप्प्यांत केली, म्हणजे उरलेल्या ओळींच्या आंब्यावर राखणीला ठेवलेल्या नेपाळी गड्याचा पगार भागे आणि पुढच्या ऑक्टोबरच्या मजुरीचीही सोय होई.